बंगालच्या अंगाईतले नागपूरकर घोडेस्वार

बंगालमध्ये तान्हं बाळ डोळा मिटत नसलं की आई ‘बर्गी’ आल्याची अंगाई म्हणते. पावणेतीनशे वर्षं उलटली तरी ती अंगाई थांबलेली नाही. हे बर्गी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार आणि त्यांचा सेनापती म्हणजे भास्करराम कोल्हटकर. आपल्या कागदपत्रांत तो भास्करपंत, बंगालच्या इतिहासात भास्कर पंडित. ज्या नागपूर राज्याच्या मुलखातून इंग्रजांनी १८६२ मध्ये आपला वर्धा जिल्हा वेगळा काढला, त्याच राज्याचा हा दिवाण आणि सेनापती. तरी त्याचं नाव आपल्यापेक्षा कटवा-बर्दवानच्या पोराबाळांना जास्त ठाऊक!

आपल्याकडे त्याचा विषय निघालाच, तर बंगालमधल्या मनकऱ्याच्या शामियान्यात त्याला दग्याने मारलं एवढंच सांगतात. तिकडे त्याच्या स्वारांनी जाळलेल्या गावांचीच गोष्ट चालते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झाकली की भास्करपंतावरही अन्याय होतो आणि बंगालवरही. म्हणून राजेहो, इथे दोन्ही सांगतो.

बर्गी नेमके कोण?

मराठी फौजेत स्वारांच्या दोन जाती होत्या. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. बंगाली जिभेवर बारगीराचा बर्गी झाला आणि पुढे सगळ्याच मराठ्यांना तेच नाव चिकटलं. या फौजेबरोबर जड तोफा फारशा नसत. झटकन यायचं, रसद तोडायची, गाव रिकामं करायचं आणि नवाबाची फौज पोचेपर्यंत पुढच्या गावाला जायचं, असा खाक्या. याच गनिमी काव्याचं आपण शिवकाळासाठी तोंड भरून कौतुक करतो. बंगालच्या कुणब्याला त्याची दुसरी बाजू दिसली.

बोलावणं आलं शिराझच्या माणसाकडून

भास्करपंत आपण होऊन बंगालवर तुटून पडला, असं चित्र रंगवलं जातं. पण मुर्शिदाबादच्या गादीचा घोळ त्याच्या आधीपासूनचा. अलीवर्दी खान हा बिहारचा नायब. त्याने एप्रिल १७४० मध्ये गिरियाच्या लढाईत आपल्याच धन्याचा, नवाब सर्फराज खानाचा, पाडाव केला. सर्फराज खान रणात पडला आणि अलीवर्दी गादीवर बसला. ओरिसाचा नायब रुस्तम जंग या बंडखोराला मानेना, तेव्हा १७४१ मध्ये त्यालाही पळवून लावलं. या रुस्तम जंगाचा उजवा हात होता मीर हबीब, इराणातल्या शिराझहून आलेला आणि फेरीवाल्याचा धंदा करत करत दरबारात चढलेला. सूड घ्यायला त्याने नागपूरकडे पाहिलं. रघूजी भोसले पहिले यांना पूर्वेकडच्या चौथाईची आस होतीच.

याच सुमारास रघूजींचा दबदबा आकाशाला भिडलेला. १७४० मध्ये त्यांनी कर्नाटकचा नवाब दोस्तअली याला दमलचेरीच्या खिंडीत मारलं, तर १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबाला कैद करून साताऱ्याला धाडलं. पूर्वेची मोहीम भास्करपंतावर सोपवली होती. वाटेत छत्तीसगडचं रतनपूर लागलं. तिथला राजा रघुनाथसिंह म्हातारा, पोरगा गेल्याच्या दुःखात बुडालेला. तोफेचे गोळे राजवाड्यावर पडू लागल्यावर त्याच्या एका राणीने तटावर चढून पांढरं निशाण लावलं. भास्करपंताने लाख रुपये दंड घेतला आणि फौज पुढे निघाली.

नवाबाच्या ताटात केळीचे कंद

एप्रिल १७४२. अलीवर्दी ओरिसाची मोहीम आटपून परत येत होता आणि बर्दवानला राणीच्या तलावाकाठी त्याचा तळ पडला होता. भास्करपंताने तळाला चहूबाजूंनी घेरलं. बाहेरून दाणा येईना. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने या दिवसांचं वर्णन करून ठेवलंय. बाजार बसला, भाव आभाळाला टेकले आणि थोरामोठ्यांनाही केळीचे कंद उकडून खायची वेळ आली.

आता फारसी तवारीख सांगते ती बोलणी ऐका. आधी भास्करपंताने परत जायचे १० लाख मागितले. अलीवर्दीने मान हलवली नाही. उपासमार सुरू झाल्यावर तो १० लाख द्यायला कबूल झाला, तेव्हा भास्करपंताची मागणी एक कोट रुपये आणि तळावरचे सगळे हत्ती, अशी झाली होती. माझ्या मते संपूर्ण मोहिमेतली ही सर्वांत मोठी चूक. दहा लाख घेऊन तो परतला असता, तर बंगालच्या अंगाईत त्याचे स्वार कदाचित आलेच नसते. मागणी वाढली, नवाब जिवावर उदार झाला आणि लढत-पडत कटव्याला पोचला.

एका रात्रीत सावकाराची पेढी

मे महिन्याच्या सुरुवातीला मीर हबीब निवडक स्वार घेऊन निघाला, रातोरात कित्येक कोस घोडी पिटाळली आणि ६ मे १७४२ला थेट मुर्शिदाबादेत शिरला. जगतशेठ म्हणजे साऱ्या हिंदुस्थानात हुंड्या चालवणारा सावकार. त्याची पेढी लुटली. लूट किती, तर कुणी ३ लाख लिहितं, कुणी २ कोट! दुसऱ्या दिवशी अलीवर्दी पोचेपर्यंत स्वार पसार झाले होते. मग मराठ्यांनी कटव्याला ठाणं केलं, हुगळी घेतली आणि गंगेच्या पश्चिमेचा मोठा मुलूख काही महिने त्यांच्या ताब्यात राहिला.

कवीने आधी देव केला, मग दैत्य

आता गंगारामाकडे नीट वळू, कारण या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद त्याचा आहे. त्याच्या काव्याचं नाव ‘महाराष्ट्र पुराण’. हस्तलिखित मैमनसिंगकडे सापडलं आणि त्यावर १७५१च्या सुमाराची तारीख आहे, म्हणजे घटना घडून दशकही झालं नव्हतं. पहिल्या कांडाचं नावच ‘भास्कर पराभव’. एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९६५ मध्ये ते इंग्रजीत आणलं.

यातली कथा वाचताना मी दोनदा मागे जाऊन तपासलं, इतकी ती अनपेक्षित आहे. बंगालचे लोक पापात बुडाले म्हणून धरणी ब्रह्मदेवाकडे जाते. गाऱ्हाणं शिवापर्यंत पोचतं. शिव नंदीला सांगतो, साताऱ्याच्या शाहू राजाच्या अंगात जा आणि त्याला बंगालवर पाठव. म्हणजे मराठ्यांची स्वारी ही देवाने पाठवलेली शिक्षा! भास्कर येतो तो शंकराच्या आज्ञेने.

मग गावं जळू लागतात. गंगाराम पळणाऱ्यांची रांगच उभी करतो. ब्राह्मण पोथ्यांची गाठोडी घेऊन पळतात, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. भरल्या दिवसांच्या बाया रस्त्यातच बसकण मारतात. ज्यांनी कधी उंबरा ओलांडला नाही त्या थोरांच्या लेकीसुना डोक्यावर बोचकी घेऊन चालतात. एका गावाहून दुसऱ्या गावी जावं, तर तिथलेही पळायच्या तयारीत. स्वार येतात, रुपये मागतात, नाही मिळाले की नाक-कान कापतात, पाण्यात बुडवतात. बायकांवर बलात्कार होतात. कवी यातलं काहीही झाकत नाही.

आणि इथे कथा उलटते. ब्राह्मणांचा, वैष्णवांचा, बायकांचा छळ बघून दुर्गा भास्करावर कोपते. ज्याला शिवाने पाठवलं, त्याला पार्वती मोडते. एकाच काव्यात एकच सेनापती देवाचा दूतही आहे आणि देवीचा अपराधीही.

बरं, हे एकट्या गंगारामाचं मत नव्हे. भारतचंद्र रायांच्या ‘अन्नदामंगल’मध्येही बर्गींची स्वारी ही अलीवर्दीच्या फौजेने भुवनेश्वरला केलेल्या आगळिकीची सजा म्हणून येते आणि तिथेही नंदी-शंकर आहेतच. बर्दवानच्या दरबारातले पंडित वाणेश्वर विद्यालंकार मात्र १७४४च्या ‘चित्रचम्पू’मध्ये बर्गींना असली कोणतीही सूट देत नाहीत. गरोदर बाया, पोरं, ब्राह्मण, गरीब, कुणालाही न सोडणारे म्हणून त्यांचं वर्णन करतात. ध्यानात घ्या, हे तिन्ही लेखक हिंदू. हिंदूंची फौज मुसलमान नवाबावर चालून गेली, असा सरळ हिशेब ज्यांना मांडायचा असतो, त्यांची या तीन पुस्तकांपाशी अडचण होते. जळलेल्या घरांत हिंदूही होते, मुसलमानही, आणि भास्करपंताचा मुख्य सल्लागार मीर हबीब तर शिराझचा.

अर्धी राहिलेली दुर्गापूजा

कटव्याच्या शेजारी दाईंहाट नावाचं गाव आहे. सप्टेंबर १७४२ मध्ये भास्करपंताने इथे थाटात दुर्गापूजा मांडली. आसपासच्या जमीनदारांना निरोप गेले, सामान आलं, मूर्ती बसली. त्याच्या मनात काय होतं, याचा अंदाज मला बांधावासा वाटतो. लुटायला आलेला माणूस एवढी पूजा कशाला करील? इथेच मुक्काम करायचा, जमीनदारांना आपलंसं करायचं, वसूल नियमित सुरू करायचा, असा बेत असल्याशिवाय हा खटाटोप होत नाही.

अलीवर्दीने हाच मुहूर्त धरला. नावांचा पूल बांधून त्याची माणसं अंधारात नदी उतरली आणि ऐन पूजेत मराठ्यांच्या तळावर तुटून पडली. भास्करपंताला पूजा टाकून निघावं लागलं. दाईंहाटचे लोक ती जागा आजही दाखवतात.

न वापरलेला खंदक

कोलकात्यात इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गावच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा, सहा महिन्यांत झाला जेमतेम तीन मैल. तेवढ्यात मराठे माघारी गेले आणि काम थांबलं. कोलकात्यापर्यंत बर्गी शेवटपर्यंत आलेच नाहीत. तरी ‘मराठा डिच’ हे नाव शहराला इतकं जडलं की तिथल्या लोकांना ‘डिचर’ म्हणू लागले. १७९९ मध्ये खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला, म्हणजे आजचा आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र यांच्या नावाचा रस्ता. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ अजून आहे.

पण खंदकापेक्षा मोठी गोष्ट आत घडली. बर्गींच्या भीतीने पश्चिम बंगालची माणसं दोन दिशांना पांगली, काही पद्मेपलीकडे पूर्वेला, काही इंग्रजांच्या कोलकात्यात. विणकर उठले, तुतीचे मळे घोड्यांच्या पोटात गेले, रेशीम महागलं. कोलकात्याची वस्ती वाढायला आणि कंपनीचं शहर सुरक्षित, ही भावना रुजायला नागपूरकरांच्या घोड्यांचा हातभार लागला. भोसल्यांना हे अभिप्रेत नव्हतं, पण परिणाम झाला तो झाला. त्याची किंमत साठ वर्षांनी नागपूरनेच मोजली. ते पुढे येतंच.

देवाने डागलेली तोफ

बांकुड्यातलं विष्णुपूर म्हणजे मल्ल राजांची राजधानी, भाजक्या मातीच्या देवळांसाठी नावाजलेली. मराठ्यांची फौज तिथेही गेली. राजा गोपालसिंह लढायच्या ऐवजी प्रजेला नामस्मरण करायला सांगत होता म्हणे. तेव्हा कुलदैवत मदनमोहन स्वतः देवळातून बाहेर आला आणि ‘दलमादल’ तोफ डागून त्याने बर्गींना पळवलं, अशी कथा. ती तोफ आजही विष्णुपुरात आहे. लांबी साडेबारा फुटांच्या आसपास आणि इतक्या पावसाळ्यांनंतरही गंज जवळजवळ नाही. भास्करपंताला हरवण्याचं श्रेय देवाने घेतलं, यावरून त्याचा धाक किती होता ते कळतं.

मराठ्यांच्या मागे मराठे

१७४३ मध्ये खुद्द रघूजी भास्करपंतासह आले. आणि त्यांच्या पाठोपाठ दुसरी मराठी फौज आली, त्यांनाच हुसकवायला! दिल्लीच्या बादशहाने नानासाहेब पेशव्यांना अलीवर्दीच्या मदतीला बोलावलं होतं. ३१ मार्चला पेशवे आणि अलीवर्दी भेटले. ठिकाण कोणतं, तर प्लासी. चौदा वर्षांनी तिथेच अलीवर्दीचा नातू सिराजुद्दौला इंग्रजांकडून हरणार होता.

नवाबाने शाहू महाराजांना चौथ आणि पेशव्यांना खर्चापोटी २२ लाख द्यायचं मान्य केलं. पेशवे रघूजींच्या मागे लागले, त्यांची पिछाडी गाठून मारही दिला. शेवटी ऑगस्टमध्ये शाहू महाराजांनी दोघांना समोर बसवून हद्दी वाटून दिल्या. बंगाल, बिहार, ओरिसा रघूजींकडे. बंगालच्या लोकांच्या बाजूने पाहा. एका वर्षात दोन मराठी फौजा आल्या, एक लुटणारी, एक वाचवणारी, आणि दोघींनी पैसा मागितला. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हा प्रसंग असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मनकऱ्याचा शामियाना

१७४४ मध्ये भास्करपंत पुन्हा आला, ओरिसा-मेदिनीपूरच्या वाटेने. अलीवर्दी टेकीला आला होता. खजिना रिता, फौज थकलेली, पैसे एकदा देऊन झालेले आणि मागणारे परत दारात. त्याने आपला अफगाण सरदार मुस्तफाखान आणि दिवाण जानकीराम यांना भास्करपंताकडे पाठवलं. दोघांनी आपापल्या धर्माच्या शपथा वाहिल्या. चौथाईचं बोलू, भेटीला या.

३१ मार्च १७४४. मुर्शिदाबादच्या दक्षिणेला मनकऱ्याच्या माळावर भला मोठा शामियाना उभा केला होता. कनातींच्या आड हत्यारबंद माणसं. भास्करपंत २१ सरदारांसह आत आला. यातला भास्कर कोणता, असं अलीवर्दीने विचारून खात्री करून घेतली आणि मग कत्तलीचा हुकूम सुटला. बावीसच्या बावीस मारले गेले. तळावर मागे राहिलेला रघूजी गायकवाड तेवढा वाचला. त्याने फौज गोळा करून बंगालबाहेर काढली, म्हणून हजारो स्वारांचे प्राण वाचले. या माणसाचं नावही आपण विसरलो आहोत.

हा दगा होता. शपथ घेऊन बोलावलेल्या पाहुण्याला मारणं त्या काळातही हीन समजलं जाई आणि अलीवर्दीच्या बाजूने लिहिणाऱ्यांनाही त्याचं समर्थन करताना शब्द जुळवावे लागले. मात्र गंगाराम याच घटनेकडे दुर्गेचा न्याय म्हणून पाहतो. ज्याच्या गावातली माणसं जळाली, त्याला शामियान्यातल्या दग्याचं दुःख होत नाही. हे मला समजतं. तरी भास्करपंत बोलणीसाठी गेला आणि मारला गेला, हेही मला सोडवत नाही.

एक गोष्ट तर फार बोलकी आहे. ज्या मुस्तफाखानाने शपथ वाहिली, तो वर्षाच्या आत अलीवर्दीवर उलटला आणि मदतीला त्याने कुणाला बोलावलं? रघूजी भोसल्यांना!

बारा लाख आणि एक नदी

सूड घ्यायला रघूजी १७४५ मध्ये निघाले. कटक घेतलं. पुढची सहा वर्षं ओढाताण चालली. १७५१ मध्ये तह झाला, सुवर्णरेखा नदी हद्द ठरली, बंगालने वर्षाला १२ लाख चौथ द्यायची आणि ओरिसा भोसल्यांच्या पदरात पडला. मीर हबीबाचा शेवट मात्र भोसल्यांच्याच छावणीत झाला. हिशेबाच्या वादातून रघूजींचे पुत्र जानोजी यांच्या माणसांनी १७५२ मध्ये त्याला मारलं.

ओरिसातला अंमल पन्नास वर्षं टिकला. तिथेही आठवणी संमिश्र आहेत. वसूल कडक होता, पण जगन्नाथाच्या सेवेची घडी बसवली गेली. पुरीच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ मराठ्यांच्याच काळात कोणार्कहून आणून उभा केला. वारी करून आलेल्या कित्येक वर्धेकरांनी त्याला हात लावला असेल.

आणि आता आपल्या नदीकडे या. २९ नोव्हेंबर १८०३ला अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे नेपोलियनला वॉटर्लूला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहात दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी दोन मोठे मुलूख सोडले, एक बालेश्वरासह कटक प्रांत आणि दुसरा वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख. भास्करपंताच्या मरणातून जो ओरिसा मिळाला, तो ज्या कागदावर गेला, त्याच कागदाने वर्धा नदीला सरहद्द केलं. अलीकडे भोसले, पलीकडे निजाम. पुलगावहून धामणगावला जाताना आपण आजही तीच रेघ ओलांडतो, आता फक्त जिल्हा बदलतो.

शिवाजी मात्र आपलासा

ज्या बंगालने बर्गींच्या नावाने पोरांना निजवलं, त्याच बंगालने १९०४ मध्ये शिवजयंती साजरी केली. यामागे होता एक मराठी माणूस, सखाराम गणेश देउस्कर. जन्म १८६९ मध्ये देवघरजवळच्या करौं गावी, घर मराठी, लिहिणं बंगालीत. त्यांचं ‘देशेर कथा’ स्वदेशीच्या चळवळीत घरोघरी वाचलं गेलं आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्यांच्याच आग्रहातून रवींद्रनाथांनी शिवाजी उत्सवावर कविता लिहिली. शिवाजी महाराज बंगालचे झाले. भास्करपंत झाला नाही आणि होण्याचं कारणही नव्हतं. एकाच घोडदळाचा वारसा सांगणारी दोन नावं लोकांनी नीट पारखून वेगळी ठेवली, हे मला त्यांच्या विवेकाचं लक्षण वाटतं.

काही मराठे तिथेच मुरलेही. हुगळी जिल्ह्यातला इटाचुना राजवाडा ‘बर्गी डांगा’ म्हणून ओळखला जातो. तिथलं कुंडू घराणं मूळचं मराठा, असं परंपरा सांगते. ‘लुटेरा’ सिनेमात सोनाक्षी सिन्हाचं घर म्हणून दिसतो, तो हाच वाडा!

आकडा चार लाखांचा

बर्गींच्या दशकात चार लाख माणसं मेली, असा अंदाज डच कंपनीच्या बंगालमधल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने नोंदवला. हा आकडा आज सगळीकडे फिरतो. त्या काळी खानेसुमारी नव्हती, मोजणारं कुणी नव्हतं, आणि कंपनीच्या व्यापाऱ्याला आपला तोटा मोठा दाखवण्यात रस असणारच. म्हणून हा आकडा डोळे मिटून घेऊ नये. पण आपल्याकडचे काहीजण तो खोडला की सगळंच खोडलं, असं समजतात, तेही चूक आहे. चाराचे दोन करा, दोनाचा एक करा, तरी लाख माणसं उरतात.

या विषयावर कसं बोलावं, याचा धडा दोन म्हाताऱ्या इतिहासकारांनी घालून दिला आहे. जदुनाथ सरकार बंगाली, गोविंद सखाराम सरदेसाई मराठी. सरकारांनी बर्गींच्या अत्याचारांबद्दल कडक शब्दांत लिहिलं, सरदेसायांनी रियासतीत मराठ्यांचा पट मांडला. दोघांची मैत्री जन्माची. सरकार कामशेतला सरदेसायांकडे येऊन राहत, पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार दोघांनी मिळून छापला. नागपूरच्या बाजूने यादव माधव काळ्यांनी १९३४ मध्ये ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ सिद्ध केला. तिघांचं वाचलं की भास्करपंत पुरा दिसू लागतो, शूर, चपळ, महत्त्वाकांक्षी आणि आपल्या स्वारांना न आवरणारा. फौजेच्या वागणुकीचा जाब सेनापतीलाच द्यावा लागतो. त्यातून मी तरी त्याला सोडवू शकत नाही.

आपल्यालाही लोकांचा राग जपता येतो, हे विसरू नका. तान्ह्या पोळ्याला नागपुरात काळी मारबत निघते ती १८८१ पासून, आणि इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा राग म्हणून ती बाकाबाई भोसल्यांशी जोडतात. भोसल्यांच्या राणीचा राग आपण दरवर्षी रस्त्यावर आणतो, मग बंगालच्या आयांनी भोसल्यांच्या स्वारांचा राग अंगाईत ठेवला तर नवल काय?

आणि हाच बंगाल पुढे आपल्या मदतीलाही आला. गांधीजींनी सेवाग्रामला नई तालीम सुरू केली तेव्हा ती उभी करायला शांतिनिकेतनहून आशादेवी आर्यनायकम् आल्या, बंगाली घरातल्या. श्रीलंकेचे त्यांचे पती ई. डब्ल्यू. आर्यनायकम् रवींद्रनाथांचे सचिव राहिलेले. सेवाग्रामच्या पोरांना त्यांनी शिकवलं, १९५४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या भाषेत बर्गीची अंगाई आहे, त्या भाषेतली बाई भोसल्यांच्या जुन्या मुलखात येऊन आपल्या पोरांची आई झाली.

जायचं असेल तर

मुंबईहून निघणारी गीतांजली एक्स्प्रेस वर्धा जंक्शनवरून हावड्याला जाते. हावड्याहून कटव्याची लोकल धरा, कटव्याच्या अलीकडे दाईंहाट स्टेशन लागतं. परतीला हावडा-बर्दवान लाइनवर खन्यानला उतरलं की इटाचुना जवळच. विष्णुपूरला खरगपूरमार्गे रेल्वे आहे, तोफ आणि देवळं एका दिवसात होतात. आणि कोलकात्यात बागबाजारच्या त्या गल्लीत गेलात, तर कुठून आलात असं कुणी विचारलं की नागपूरजवळच्या वर्ध्याहून, असं खुशाल सांगा. मग चहा घेत भास्कर पंडिताची त्यांची गोष्ट त्यांच्या तोंडून पूर्ण ऐका, मधे न तोडता.